आमच्या गाडीचे ब्रेक

केंद्र सरकारच्या सेवेतील अपर डिव्हिजन क्लार्काने चाळीस वर्षांची जुनी मोटार बाळगावी की नाही, याविषयी १९६४ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट असे काही सांगितलेले नाही. नियम १८ मध्ये जंगम मालमत्तेचा उल्लेख येतो. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून मोठा व्यवहार झाल्यास तो कार्यालयास कळवावा, एवढेच त्या नियमाचे म्हणणे. आमच्या मोटारीची किंमत या मर्यादेच्या आत पडते की बाहेर, हे ठरविणे कठीण आहे; कारण भंगारवाला तिला किलोवर मोजतो आणि हौशी मनुष्य तिच्याकडे पाहून नुसताच उसासा टाकतो. सुदैवाने ती आम्हांला वारशाने मिळाली, त्यामुळे कार्यालयास कळविण्याजोगा व्यवहार असा काही झालाच नाही.

ही मोटार म्हणजे १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कराडला हायस्कुलात शिक्षक होते. एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली, तेव्हा त्यांची ही जुनी गाडी अण्णांनी १९९३ साली प्रॉव्हिडंट फंडातून उचल करून घेतली. पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षे त्यांनी ती जपली. अण्णा गेले, आमची बदली बंगळूरला झाली, आणि कराडच्या अंगणात ताडपत्रीखाली ती कुजू नये म्हणून आम्ही तिला मालट्रकवर चढवून इकडे आणली. बारा महिन्यांत परराज्यात नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, येथला कर येथे भरावा लागतो आणि तिथला तिथून मागावा लागतो. हे सारे आमच्या बदलीवाल्या वाचकांना ठाऊकच आहे. त्या जखमेवरची खपली येथे काढीत नाही.

एक योगायोग मात्र सांगण्याजोगा आहे. पद्मिनी ज्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, ती कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केली. आणि त्यांनीच त्याआधी, १९४० साली, म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला. तेव्हा आमच्या गाडीचे या गावाशी एक प्रकारचे सोयरपण आहे, असे आम्ही सौ.ना समजावून सांगितले. सौ.नी ते ऐकून घेतले आणि गाडीचा दरवाजा नीट लागत नाही, तेवढा लावून घ्या, असे सांगितले.

आमच्या लेखाचा विषय ब्रेक हा आहे. तो निघाला नंदीच्या डोंगरावर.

नंदी बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर. उंची १,४७८ मीटर. पहाटेचे धुके पाहण्यासाठी अर्धे शहर तेथे लोटते. आम्हीही एका रविवारी सौ. आणि सात वर्षांच्या चिरंजीवांस घेऊन गेलो. चढताना गाडीने कुरकूर केली नाही. उतरताना मात्र आमचे चुकले. पुढची गाडी हळू चालली होती, मागचा भोंगा वाजवीत होता, आणि आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये राहून सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. दहा-बारा वळणे झाल्यावर रबर जळाल्यासारखा वास आला. पुढच्या वळणावर पाय दाबला, तो पॅडल नेहमीसारखेच घट्ट लागले, परंतु गाडी मंदावली नाही. पॅडल खाली गेले असते तर निदान ब्रेक निकामी झाला एवढे तरी कळले असते. येथे पायाला सारे ठीक लागत होते आणि गाडी तशीच चालली होती! आम्ही गिअर दुसऱ्यात ओढला, हँडब्रेक खेचला, आणि पेरू विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीपासून चार हातांवर गाडी कशीबशी उभी राहिली. मागून चिरंजीवांनी विचारले, "बाबा, आपण थांबलो ना?" सौ. काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र गाडीच्या तळावर, जेथे कसलेही पॅडल नाही तेथे, पूर्ण दाबलेला होता. घरी पोहोचेपर्यंत तो तसाच होता.

येथे ड्रम ब्रेकची करणी थोडी सांगावी लागेल. चाकाबरोबर एक ओतीव लोखंडी डबा फिरत असतो, तो ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात, त्यांवर लायनर लावलेले. पाय दाबला की तेलाच्या दाबाने शू बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. यात एक मोठी हुशारी आहे: फिरणारा ड्रम एका शूला आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे थोड्या दाबात पुष्कळ काम होते. पण घर्षणाची उष्णता त्या बंद डब्यातच कोंडते. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरतो, लायनरची पकड तापाने कमी होते, आणि डोंगरउतारावर नेमक्या गरजेच्या वेळी तो हात वर करतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. वारा लागतो, पाणी उडून जाते, ताप टिकत नाही. इंग्रज तंत्रज्ञ लँचेस्टर याने याचे पेटंट १९०२ साली घेतले होते. १९५३ साली ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वारने जिंकली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. दोन वर्षांनी फ्रान्सच्या सित्रोएनने घरगुती गाडीत पुढच्या चाकांना त्या बसविल्या.

यापुढची गोष्ट कळली तेव्हा आम्हांला खरोखरच वाईट वाटले. आमची पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. तिकडे १९६६ साली या गाडीची शेवटची आवृत्ती निघाली, तिला पुढच्या बाजूस डिस्क ब्रेक होते. इकडे मात्र आधीची आवृत्ती कुर्ल्यास चालू राहिली, आणि वीस वर्षांनी कारखान्याबाहेर पडलेल्या आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रमच मिळाले. थोरल्या बहिणीने शालू नेसावा आणि धाकटीने जन्मभर जुनेर, तशातला हा प्रकार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनीही त्याच ड्रमांवर आपला जन्म काढला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या.

नंदीहून परतल्यावर आम्ही जयचामराजेंद्र रस्ता गाठला. बंगळूरकर त्याला जे. सी. रोड म्हणतात. टाऊन हॉलपासून पुढे गेले की दोन्ही बाजूंस मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने, आणि पोटगल्ल्यांत लेथ, ड्रिल, वेल्डिंग. तेथल्या एका गल्लीतील मेस्त्रींकडे आम्ही गाडी नेत असू. साठीचे गृहस्थ, दखनी बोलणारे. आम्हांला ते "अण्णा" म्हणतात. कानडी मुलुखात अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि कोणाही गिऱ्हाइकास तसे म्हणण्याची रीत आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी अण्णांच्या गाडीजवळ उभे राहून ती हाक प्रथम ऐकली, तेव्हा आम्ही मागे वळून पाहिले होते.

डिस्क बसवायची म्हणताच मेस्त्री हसले. बंगळूरच्या बसमध्ये, रांगेत, भाड्याच्या घरात, जेथे तेथे जे वाक्य ऐकू येते तेच त्यांनी म्हटले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." पुढे दखनीत म्हणाले, "अभी पैसा नक्को डालो." त्यांनी चाके उतरविली. लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ब्रेक ऑईल कित्येक वर्षांत बदललेले नव्हते, आणि हे तेल हवेतील ओल शोषीत असते. नवे डॉट-३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल घेतलेले १४० अंशांनाच उकळू शकते. नवे लायनर, नवे तेल, शू सारखे करणे, असे सर्व मिळून ३,१०० रुपये झाले. गाडी इतकी सुधारली की शहरात आम्हांला कसलीच तक्रार उरली नाही. ज्यांची जुनी गाडी फक्त शहरातच फिरते, त्यांनी आमचा लेख येथे मिटून ठेवला तरी चालेल. त्यांचे पैसे वाचतील.

परंतु आमच्या मातोश्री कराडला असतात. "एकदा गाडी घेऊन या, दारात उभी राहिलेली बघायची आहे," असे त्यांनी फोनवर सांगितले होते. कराड येथून सातशे किलोमीटरच्या आत-बाहेर. वाटेत बेळगावापुढे वंटमुरी, निपाणीच्या अलीकडे तवंदी, असे दोन घाट. आणि तिकडे गेल्यावर चिपळूणच्या मावशींना भेटायचे म्हणजे कुंभार्ली आलाच. तेव्हा आम्ही ठरविले की डिस्क बसवायचीच. मात्र परवडेल अशी.

"परवडेल" हा शब्द सरकारी नोकराने उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे तीन दरपत्रके उभी राहतात. आम्हीही तीन मागविली आणि कार्यालयात करतो तसा तुलनात्मक तक्ता केला. आमच्याजवळ दसऱ्यापूर्वी मिळालेला ६,९०८ रुपये बोनस होता आणि एक आवर्ती ठेव होती.

पहिले दरपत्रक कलासिपाळ्यम बाजूच्या एका गॅरेजचे: ११,५०० रुपये. भंगारातल्या मारुतीच्या तबकड्या आणि कॅलिपर, पत्रा कापून केलेला ब्रॅकेट, बाकी सर्व जुनेच. दुसरे आमच्या मेस्त्रींचे: २६,००० रुपये. तिसरे व्हाइटफील्डकडच्या एका ठिकाणचे, जेथे जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन करतात आणि वाट पाहणाऱ्यास कॉफी देतात: ७८,००० रुपये, कर निराळा. अमेरिकेत जुन्या मस्टँगसारख्या गाड्यांसाठी असा सगळा संच एका पेटीत तयार मिळतो, पाना घेऊन बसविला की झाले. पद्मिनीसाठी आम्हांला तशी पेटी कोठे मिळाली नाही. येथे पेटी आपणच भरायची असते, आणि त्या पेटीतून काय वगळले यावर दर ठरतो.

न्यूनतम दर स्वीकारावा, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले आहे. म्हणून पहिल्या दरपत्रकावर आम्ही आठवडाभर प्रेम केले. मग एकेक गोष्ट उकलू लागली. फियाटच्या चाकाचे चार बोल्ट ९८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसतात, मारुती ८०० चे ११४.३ च्या. म्हणजे तबकडीला नवी भोके पाडायची. बरे, पाडली. पुढे मास्टर सिलिंडर. ड्रमच्या मास्टर सिलिंडरात एक झडप असते. पाय उचलल्यावरही नळीत सुमारे १० पौंडांचा दाब ती राखून ठेवते, नाही तर शूच्या स्प्रिंगा सारे तेल मागे ढकलतात. कॅलिपरला स्प्रिंग नसते. तेथे तोच दाब राहिला की पॅड तबकडीला सतत चिकटून राहतात आणि तापतात. म्हणजे जुने मास्टर सिलिंडर तसेच ठेवून डिस्क बसवावी, तर ज्या तापासाठी ड्रम काढले तोच ताप नव्या दाराने घरात येतो! शिवाय आमच्या गाडीचे मास्टर सिलिंडर एकेरी. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. जोडसिलिंडर, ज्याला गल्लीत टी. एम. सी. म्हणतात, त्यात पुढचे आणि मागचे तेल वेगळे असते. एक फुटले तर दुसरे उरते.

मागच्या चाकांचा प्रश्न याहून नाजूक होता. डिस्कला ड्रमसारखी आपणहून ओढून घेण्याची खोड नसल्यामुळे तिला दाब जास्त लागतो. तोच जास्त दाब मागच्या ड्रमांकडेही जातो, आणि ते आधी जाम होतात. मागची चाके आधी थांबली की ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागच्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. पहिल्या दरपत्रकात व्हॉल्व्ह नव्हता, टी. एम. सी. नव्हते, नवी रबरी नळीही नव्हती. तिसऱ्यात हे सारे होते, शिवाय पायाचा जोर वाचविणारा बूस्टर होता. मेस्त्रींचे म्हणणे असे की नऊशे किलोच्या गाडीला बूस्टर ही चैन आहे. पाय जरा जड लागेल, सवय होईल. त्यांनी तबकड्या सुचविल्या त्या फियाटच्याच नंतरच्या गाड्यांच्या, युनो-पॅलिओ जातीच्या, कारण तेथेही वर्तुळ ९८ चेच आहे. जातीत सोयरीक झालेली बरी, असे ते म्हणाले.

राहता राहिला ब्रॅकेट. कॅलिपरला गाडीच्या स्टब अ‍ॅक्सलशी जोडणारा तळहाताएवढा लोखंडी तुकडा तो. कॅलिपर नवा मिळतो, पॅड नवे मिळतात, त्यांच्यावर कारखान्याचा शिक्का असतो. ब्रॅकेट मात्र गल्लीतच तयार होतो आणि ब्रेक लावल्यावर चाकाचा सगळा जोर त्याच्यावर येतो. तो तुटला तर बाकीच्या २५,००० रुपयांना काही अर्थ नाही. आमचा जन्म टिपणीखाली आद्याक्षरे घालण्यात गेलेला. ज्या कागदावर कोणाची सही नाही तो आम्ही पुढे सरकू देत नाही. आम्ही मेस्त्रींना जरा भीतभीतच विचारले, "या तुकड्याची जबाबदारी कोणाची?" ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी बारा मिलिमीटर जाडीची पट्टी दाखविली, ती गॅसने न कापता मशीनवर घडविणार हे सांगितले, बोल्टच्या डोक्यावरचा १०.९ हा आकडा चष्मा वर करून आम्हांला वाचायला लावला. मग खणातून अक्षरांचे ठसे काढून म्हणाले, तयार झाला की यावर माझे अक्षर मारून देतो, तारखेसह. पहिल्या गॅरेजात हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा तेथील तरुणाने "कुछ नहीं होता सार" असे उत्तर दिले होते.

तक्ता घेऊन आम्ही सौ.पुढे बसलो. त्यांनी तो पाहून विचारले, "अण्णांनी यातले कोणते घेतले असते?"

आम्हांला उत्तर ठाऊक होते. अण्णांनी यातले काहीच घेतले नसते. कुंभार्ली उतरताना ते माथ्यावरच गाडी उभी करीत, दुसरा गिअर टाकीत, आणि खाली येईपर्यंत बदलीत नसत. वळण येण्याच्या बरेच आधी ब्रेकवर दोनदा हलका पाय मारीत. पहिला गाडीला सांगायला, दुसरा थांबायला, असे ते म्हणत. मागे आम्ही आणि ताई बसलेलो असू. त्याच ड्रमांवर त्यांनी आम्हांला इतक्या वर्षांत सुखरूप वर-खाली नेले. तेव्हा दोष ड्रमचा की आमच्या पायाचा, हा प्रश्न मनातून जात नव्हता. अण्णांच्या गाडीतला एक भाग बदलणे म्हणजे त्यांच्या हाताखालून वही ओढून दुरुस्त करण्यासारखे वाटत होते.

आम्ही हे सांगितले. सौ. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, अण्णा नीट चालवीत होते हे खरेच. पण त्यांच्या पुढची गाडीही ड्रमचीच होती."

हे आमच्या तक्त्यात नव्हते. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला चाके जाम होऊ न देणारी ए. बी. एस. यंत्रणा सक्तीची आहे. पुढची गाडी आता जागच्या जागी थांबते. ताशी ६० च्या वेगात सेकंदाला जवळजवळ १७ मीटर रस्ता मागे पडतो. अण्णांचे बरेच आधी पाय मारणे अजूनही योग्यच. परंतु तेवढे अंतर आता कोणी मोकळे सोडीत नाही. आपण सोडले तर त्यात रिक्षा शिरते.

दुसरे दरपत्रक मंजूर झाले. कायद्याचीही तपासणी केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तसे बजावले आहे. आमच्या नोंदणीपुस्तकात रंग आहे, इंजिनचा क्रमांक आहे, आसने आहेत. ब्रेकची जात कोठे लिहिलेली नाही. तरी विमा कंपनीस पत्र लिहून दुरुस्तीची बिले जोडली आणि पोच घेतली. सवय जात नाही.

काम पाच दिवसांचे म्हणून अकरा दिवस चालले. शेवटी मेस्त्रींनी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पाणी ओतून चिखल केला आणि आम्हांला शेजारी बसवून त्यावर जोराने ब्रेक लावले. तीन वेळा व्हॉल्व्ह फिरवून, पुढची चाके मागच्यांआधी धरतात हे स्वतः उतरून ओरखडे पाहून त्यांनी खात्री केली. ब्रॅकेटवर कानडी लिपीतील एक अक्षर आणि तारीख होती. जुने पुढचे ड्रम भंगारात देऊ का, असे त्यांनी विचारले. आम्ही ते वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले.

गणपतीला निघालो. हुबळीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी तवंदीचा घाट लागला. माथ्यावर थांबून आम्ही दुसरा गिअर टाकला. सौ. शेजारी डोळे मिटून होत्या, चिरंजीव मागे आडवे झाले होते. तिसऱ्या वळणावर उसाने भरलेली ट्रॉली आडवी आली आणि पुढचा मालट्रक उभा राहिला. आम्ही अण्णांनी शिकविल्याप्रमाणे दोनदा पाय मारला. पहिल्यालाच गाडी अशी थांबली की दुसरा पाय नुसता रिकामाच पडला, आणि हिसक्याने जाग्या झालेल्या सौ.नी, "आले का कराड?" असे विचारले.